पिचरच्या मनगटावरचा धागा

श्रावणी पौर्णिमा आणि अमेरिकेतील मुलांच्या बेसबॉलचा सर्वांत मोठा सोहळा हे दोन्ही बहुधा ऑगस्ट महिन्यातच येतात. पेनसिल्व्हेनिया राज्यातील साउथ विल्यम्सपोर्ट या लहानशा गावी दरवर्षी या सुमारास लिटल लीगची जागतिक स्पर्धा भरते. १९३९ साली कार्ल स्टॉट्झ नावाच्या गृहस्थाने शेजारच्या विल्यम्सपोर्टमध्ये तीन संघांनिशी सुरू केलेला हा मुलांचा खेळ आज अनेक देशांत पसरला आहे. व्यापार, वैद्यक किंवा संगणकाच्या निमित्ताने न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सास येथे स्थिरावलेल्या जैन कुटुंबांतील मुलेही तो खेळतात. रविवारी सकाळी पाठशाळा आणि दुपारी मैदान, असा त्यांचा दिनक्रम असतो. एका अंगावरून उतरलेली शुभ्र वस्त्रे गाडीच्या मागच्या आसनावर पडतात आणि संघाचा रंगीत गणवेश अंगावर चढतो.

समजा, अशाच एखाद्या घरातील बारा वर्षांचा मुलगा उन्हाळी सामन्यात चेंडू टाकण्यासाठी मैदानाच्या मधोमध असलेल्या मातीच्या उंचवट्यावर उभा आहे. आदल्या दिवशी बहिणीने बांधलेले रक्षासूत्र उजव्या मनगटावर आहे. सोलापूरहून दोन महिन्यांसाठी आलेली आजी घडीच्या खुर्चीवर बसून नातवाकडे कौतुकाने पाहते आहे. पहिला चेंडू पडण्यापूर्वी पंच पुढे येतात, मुलाच्या मनगटाकडे बोट दाखवतात आणि हळू आवाजात काही सांगतात. मुलगा धागा सोडू लागतो. आजीच्या चेहऱ्यावरचे कौतुक मावळते. आपल्या धर्माच्या खुणेला या परक्या मुलुखात हरकत घेतली गेली, असे तिला वाटले तर त्यात तिचा दोष नाही. तिला नियम कोणी सांगितलेला नाही.

तो नियम समजून घेण्यासाठी आधी खेळाची रीत थोडी पाहावी लागेल. क्रिकेटमध्ये गोलंदाज धावत येऊन चेंडू टाकतो आणि तो बहुधा जमिनीवर आपटून फलंदाजाकडे जातो. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा, म्हणजे पिचर, उंचवट्यावरून एका पावलाच्या झेपेने चेंडू फेकतो आणि तो हवेतूनच थेट बॅटरकडे येतो. लिटल लीगच्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हे अंतर ४६ फूट, म्हणजे साधारण १४ मीटर असते. मोठ्यांच्या व्यावसायिक खेळात ते ६० फूट ६ इंच आहे. ताशी ६० मैल वेगाने आलेला चेंडू हे ४६ फूट अर्ध्या सेकंदात कापतो. त्या अर्ध्या सेकंदात समोरच्या मुलाने चेंडू हातातून सुटताना टिपायचा, तो कोठे येतो ते ओळखायचे, मारायचा की सोडायचा ते ठरवायचे आणि अंगावर येत असेल तर बाजूला व्हायचे. चेंडू पांढरा असतो. तो ज्या हातातून सुटतो, त्या हातावर पांढरी बाही फडफडत असेल तर अर्ध्या सेकंदातला केवढा भाग चेंडू शोधण्यातच जाईल, याचा अंदाज बांधण्यास गणित लागत नाही.

म्हणूनच लिटल लीगच्या नियमपुस्तकात सर्व खेळाडूंच्या पोशाखाविषयी थोडे लिहून झाल्यावर पिचरसाठी वेगळी कलमे येतात. पिचरच्या गणवेशाखालून दिसणारा आतला सदरा एकाच सलग रंगाचा हवा आणि तो रंग पांढरा किंवा राखाडी नसावा. डाव्या किंवा उजव्या हातात घालायचा चामडी पंजा, ज्याला ग्लोव्ह म्हणतात, तोही कडेची गोट वगळता पांढरा किंवा राखाडी नसावा. ग्लोव्हला वेगळ्या रंगाचे काही जोडू नये. मनगटावर घाम टिपण्याचा पट्टा बांधू नये. सगळ्याच मुलांच्या गणवेशाला काचेची बटणे किंवा चकचकीत धातू चालत नाही आणि बेसबॉलच्या आकाराची आठवण करून देणारे चित्रही त्यावर नसावे. हे शेवटचे कलम वाचताना हसू येते. छातीवर चेंडूचे चित्र छापलेला पिचर आणि खरा चेंडू शोधणारा बॅटर असे दृश्य कोणीतरी पूर्वी प्रत्यक्ष पाहिले असेल, त्याशिवाय ते पुस्तकात आले नसते.

राखाडी रंगाला मनाई का, हा प्रश्न वाचकाला पडेल. मुलांच्या सामन्यात नवा कोरा चेंडू फार वेळ कोरा राहत नाही. गवत, माती आणि घाम यांनी तो लवकरच राखाडी होतो. पिचरच्या बाहीने चेंडूशी कोणत्याही अवस्थेत साम्य दाखवू नये, एवढाच साधा तर्क त्यामागे दिसतो.

चेंडू नीट न दिसण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे बेसबॉलच्या जगाने १९२० साली पाहिले. १६ ऑगस्ट रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स या मैदानावर क्लीव्हलँड संघाच्या रे चॅपमन याच्या डोक्यावर कार्ल मेज या पिचरचा चेंडू आदळला. चॅपमन दुसऱ्या दिवशी पहाटे मरण पावला. त्या काळी एकच चेंडू दीर्घकाळ वापरला जाई, त्यावर माती चोळलेली असे, आणि तो मळून काळपट झाला तरी बदलला जात नसे. चॅपमनने बाजूला होण्याची हालचालही केली नाही, असे पाहणाऱ्यांनी सांगितले. त्याला चेंडू दिसलाच नसावा. त्यानंतर मळलेला चेंडू काढून नवा चेंडू देण्याकडे पंच अधिक काटेकोरपणे पाहू लागले. अमेरिकेच्या सर्वोच्च श्रेणीच्या बेसबॉलमध्ये टाकलेला चेंडू लागून मृत्यू पावलेला चॅपमन हा एकमेव खेळाडू आहे. शिरस्त्राणे सर्रास वापरात यायला पुढे कित्येक दशके लागली. ज्यांच्या घरी पाणी गाळून प्यायची आणि दिवा झाकून ठेवायची रीत आहे, त्यांना दिसण्याच्या आणि न दिसण्याच्या प्रश्नात जीव गुंतलेला असतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

तरीही माणसाची बुद्धी कायद्याच्या फटीतून वाट काढतेच. १९२० च्या दशकात ब्रुकलिन संघाचा डॅझी व्हान्स हा मोठा नावाजलेला पिचर होता. आपल्या आतल्या सदऱ्याची उजवी बाही तो कात्रीने उभी चिरून तिच्या झिरमिळ्या करी. हात फिरला की त्या पांढऱ्या झिरमिळ्या फडफडत आणि त्यांच्यातून चेंडू केव्हा सुटला ते बॅटरला कळत नसे. सोमवारी तर तो अजिंक्यच असे, अशी आख्यायिका सांगतात. कारण सोमवार हा तिकडे कपडे धुण्याचा वार. मैदानामागच्या इमारतींच्या दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी वाळत पडत. पुढे फडफडती पांढरी बाही, मागे फडफडत्या पांढऱ्या चादरी आणि त्यांमध्ये कोठेतरी पांढरा चेंडू! फाटक्या, चिरलेल्या किंवा झिरमिळ्या असलेल्या बाह्यांना मनाई करणारे कलम आज मुलांच्या नियमपुस्तकांतही दिसते. त्याच्या पोटात असे जुने खेळ दडलेले आहेत.

जॉनी ॲलनची हकीकत व्यापारी वाचकांना विशेष आवडेल. क्लीव्हलँडचा हा पिचर अतिशय तापट होता. १९३७ च्या मोसमात त्याने १५ सामने जिंकले आणि फक्त एक गमावला. पुढच्याच वर्षी, ७ जून १९३८ रोजी, बोस्टनच्या फेनवे पार्क मैदानावर त्याच्या आतल्या सदऱ्याच्या चिरफाळलेल्या बाह्यांकडे पंच बिल मॅकगोवन यांचे लक्ष गेले. बाह्या कापून टाक किंवा सदरा बदल, असे पंचांनी सांगितले. ॲलन तावातावाने कपडे बदलायच्या खोलीत गेला तो परतलाच नाही. हवा खेळती राहावी म्हणून बाह्या चिरल्या, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्याच संघाच्या व्यवस्थापकाने त्याला २५० डॉलर दंड केला. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. पुढे काय झाले? तो सदरा क्लीव्हलँडमधील हिग्बीज या बड्या दुकानात लोकांना पाहण्यासाठी मांडण्यात आला. दंडाएवढीच रक्कम मोजून तो विकत घेतला गेला होता, असे सांगतात. आज तो कूपर्सटाउनच्या बेसबॉल संग्रहालयाच्या मालकीचा आहे. भांडणाचा माल दर्शनी कपाटात मांडून गिऱ्हाईक खेचणाऱ्या त्या दुकानदाराच्या व्यवहारचातुर्याला दाद द्यावी लागते. मात्र ॲलनची बाजू घेणे अवघड जाते. त्याचा हेतू कदाचित खरोखर हवेपुरताच असेल. समोर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा हेतू दिसत नव्हता, बाही दिसत होती.

हिऱ्यांच्या व्यापारातील कुटुंबांना हा भेद सहज उमजेल. हिऱ्याच्या पुडीत आत निळसर झाक असलेला पातळ कागद घालतात. त्या कागदावर हिरा आहे त्यापेक्षा थोडा अधिक पांढरा भासतो. म्हणून जाणता खरेदीदार रंग पाहताना तो कागद दूर सारतो आणि खडा निखळ पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चांगल्या उजेडात ठेवून पाहतो. पुडी बांधणाऱ्याने फसवण्यासाठी तो कागद घातला, असा आरोप कोणी करत नाही. ती बाजाराची जुनी रीत आहे. पण पारख करायची वेळ आली की कागद बाजूला काढायचा, ही रीतही तितकीच जुनी आहे. कापडाच्या पेढीवर साडीचा रंग दाखवण्यासाठी गिऱ्हाइकाला दुकानाच्या पायरीवर, उन्हात नेणारे शेठजी आजही आठवतात.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत आचार्यांनी खोटी मापे आणि प्रतिरूपक व्यवहार यांचा समावेश केला आहे. अस्सल मालात तशाच दिसणाऱ्या हलक्या मालाची भेसळ करणे हा प्रतिरूपक व्यवहाराचा रूढ अर्थ आहे. त्याच्या मुळाशी दृष्टीची फसवणूक आहे. व्हान्सची बाही शास्त्रार्थाने त्या अतिचारात बसते की नाही, हे विद्वानांनी ठरवावे. पाठशाळेतील मुलांना मात्र हा शब्द समजावून सांगण्यासाठी यापेक्षा लवकर पटणारे उदाहरण मिळणे कठीण आहे. तूप आणि वनस्पती तुपाच्या उदाहरणाला ती मुले कंटाळलेली असतात.

नियमाचा आणखी एक विशेष असा की तो माणसाला चिकटत नाही, जागेला चिकटतो. पांढरी बाही घातलेला मुलगा मैदानात दुसऱ्या कोणत्याही जागी बिनदिक्कत उभा राहू शकतो. त्याच डावात प्रशिक्षकाने त्याला चेंडू टाकायला बोलावले, तर तीच बाही त्याला उतरवावी लागते. मुलगा तोच, बाही तीच, दिवसही तोच. बदलली ती अपेक्षा, म्हणजे समोरच्या डोळ्याशी असलेला संबंध. स्याद्वादाचे दाखले हत्ती आणि आंधळ्यांपाशीच थांबवण्याचे कारण नाही.

पंचांच्या निर्णयांतही दोन जाती आहेत. पांढऱ्या आणि राखाडी रंगाला चर्चा नाही. ते रंग दिसले की उतरवायला सांगायचे. मात्र लक्ष विचलित करणारी वस्तू कोणती, हे ठरवणे पंचाच्या विवेकावर सोपवलेले असते. टोपीच्या छज्जावर अडकवलेला आरशासारखा चष्मा एखाद्या ढगाळ दिवशी कोणाला खुपणार नाही. उन्हाच्या दिवशी तोच चष्मा बॅटरच्या डोळ्यांवर झळाळी फेकतो. शालेय बेसबॉलच्या नियमांत पिचरच्या हातावर, मनगटावर किंवा दंडावर बॅटरचे चित्त वेधणारी वस्तू नसावी, असे मोघम वाक्य आहे. हा मोघमपणा हेतुपुरस्सर असावा. उद्या दुकानात कोणती नवी चकाकणारी वस्तू येईल, हे आज नियम लिहिणाऱ्याला कसे कळणार?

व्यावसायिक बेसबॉलने मात्र एके ठिकाणी भलताच नेमकेपणा आणला आहे. तेथे कोणत्याही क्षेत्ररक्षकाचा ग्लोव्ह पँटोन या रंगपद्धतीतील चौदाव्या मालिकेपेक्षा फिकट असता कामा नये. कापडधंद्यातील वाचकांना पँटोनचे शेडकार्ड नवे नाही. निर्यातीचा माल रंगात जुळला नाही म्हणून परत आलेल्या गठ्ठ्यांच्या आठवणी कित्येक घरांत असतील. तेच शेडकार्ड खेळाच्या नियमपुस्तकात जाऊन बसले आहे.

दागिन्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. २००१ सालच्या ऑगस्टमध्ये सिॲटल संघाचा पिचर आर्थर ऱ्होड्स क्लीव्हलँडमध्ये चेंडू टाकायला आला. त्याच्या कानांतील चकाकत्या कुड्यांवरून ऊन परावर्तित होऊन डोळ्यांवर येते, अशी तक्रार समोरच्या ओमार व्हिस्केल याने केली. पंचांनी कुड्या काढायला सांगितल्या. ऱ्होड्स भडकला, दोन्ही संघ मैदानात धावून आले आणि अखेर ऱ्होड्सला सामन्यातून बाहेर काढण्यात आले. एवढ्याशा कानातल्यांवरून शंभर किलो वजनाची माणसे एकमेकांच्या अंगावर जातात, हे दूरदर्शनवर पाहणाऱ्या लहान मुलांनी त्यातून काय घेतले असेल?

मुलांच्या मैदानावर असे क्वचितच होते, आणि त्याचे श्रेय बहुतांशी पंचांच्या रीतीला जाते. तेथील पंचांपैकी अनेक जण विनामूल्य काम करणारे गावातलेच नागरिक असतात. लिटल लीगच्या जागतिक स्पर्धेतील पंचही स्वयंसेवक असतात. अनुभवी पंच पिचर सरावाचे चेंडू टाकत असतानाच त्याच्या हातांकडे पाहून घेतात आणि काही आढळले तर प्रशिक्षकाला बाजूला घेऊन सांगतात. वस्तू काढली की विषय संपतो. टाकलेला चेंडू रद्द होत नाही, गुण कापले जात नाहीत, मुलावर ठपका येत नाही. मुलाने किंवा प्रशिक्षकाने ऐकलेच नाही, तरच प्रकरण पुढे जाते. जो पंच सर्वांसमोर मोठ्याने खेकसतो, तो नियमाने बरोबर असला तरी कामात कच्चा समजावा. बारा वर्षांच्या मुलाला भर मैदानात ओशाळे करून चेंडूची दृश्यता वाढत नाही.

आता धाग्याकडे वळावे. लाल-पिवळा बारीक धागा ४६ फुटांवरून बॅटरला कितीसा दिसणार, असा प्रश्न रास्त आहे. पुष्कळदा तो दिसणारही नाही. परंतु राखीचा धागा एकच एक नसतो. कोणाची राखी चमकीची, कोणाची जरीच्या झुबक्याची, कोणाची पांढऱ्या मोत्यांची, कोणाची आरसे लावलेली. कोणती चालेल आणि कोणती नाही, हे प्रत्येक मनगटापाशी वाकून ठरवायला पंचाला सांगितले, तर खरा अन्याय तेथून सुरू होईल. एका मुलाचा धागा चालला आणि दुसऱ्याचा नाही, असे झाले की त्यात धर्म येतो, वर्ण येतो, शेजाऱ्याचा संशय येतो. व्यावसायिक नियमपुस्तक पिचरच्या हाताला, बोटाला किंवा मनगटाला चिकटपट्टी, गोंद, ब्रेसलेट यांपैकी काहीही लावण्यास नकार देते. बोट कापलेल्या पिचरला जखमेवरची पट्टी बांधूनही चेंडू टाकता येत नाही. तेथे रक्षासूत्राला वेगळी वागणूक मिळालेली नाही आणि वेगळा राग तर मुळीच नाही.

धर्मचिन्हांची आठवण नियम करणाऱ्यांना नव्हती, असेही नाही. अमेरिकेतील शालेय बेसबॉलमध्ये दागिन्यांना सरसकट बंदी होती, त्या काळातही धार्मिक पदकाला दागिना मानले जात नसे. ते गणवेशाच्या आत, अंगाला चिकटपट्टीने लावून घालण्याची मुभा होती. मधुमेह किंवा तत्सम विकाराची सूचना देणारी वैद्यकीय पट्टी लिटल लीगनेही चालवून घेतली. गळ्यातील, कपड्याआडची श्रद्धा कोणाच्या डोळ्यांत जात नव्हती. पिचरच्या हाताची गोष्ट निराळी आहे, कारण समोरच्याचे डोळे त्याच हातावर खिळलेले असतात.

घरातील ज्येष्ठांना सर्वांत जड जाते ते हे की मुलाचे रक्षासूत्र उजव्या हाताला बांधलेले असते आणि बहुतेक मुलांचा चेंडू टाकण्याचा हातही उजवाच असतो. डाव्या मनगटाला बांधून भागत नाही, कारण तेही मनगटच. पायाला बांध, मोज्याखाली दिसणार नाही, असे एखादा प्रशिक्षक सद्भावाने सुचवतो. रक्षासूत्र पायाला बांधण्याची कल्पना आपल्या आजीला काय वाटेल, हे त्या भल्या माणसाला ठाऊक नसते. त्यापेक्षा ते उतरवून आईच्या हाती देणे बरे.

उतरवण्यात अवमान आहे का? याचे उत्तर रक्षाबंधनाच्या आपल्याच कथेत शोधता येते. हस्तिनापुरात बलीने अकंपनाचार्यांच्या सातशे मुनींच्या संघावर घोर उपसर्ग आणला, तेव्हा विष्णुकुमार मुनी त्यांच्या रक्षणासाठी धावले. त्यांनी वामनरूप धारण केले, तीन पावले भूमी मागितली आणि उपसर्ग दूर केला. ही कथा घराघरांत सांगितली जाते. तिचा एक भाग मात्र घाईत सुटतो. हे करण्यासाठी विष्णुकुमारांना आपले मुनिपद काही काळ बाजूला ठेवावे लागले. कार्य झाल्यावर त्यांनी प्रायश्चित्त घेतले आणि पुन्हा मुनिधर्मात स्थिर झाले. ज्या पौर्णिमेला हा धागा बांधला जातो, त्या पौर्णिमेच्या कथेतच इतरांच्या रक्षणासाठी सर्वांत मोलाची गोष्ट थोडा वेळ उतरवून ठेवलेली आहे. एका मुलाने समोरच्या मुलाच्या डोळ्यांसाठी तासभर धागा उतरवला, तर त्या सूत्राचे मोल उणे होते असे म्हणवत नाही. खुर्चीवरच्या आजीला कोणी हे दोन वाक्यांत सांगितले असते, तर तिचा चेहरा पडला नसता. सांगायला हवे होते ते घरातल्यांनी. पंचांना विष्णुकुमारांची कथा कोठून माहीत असणार?

क्रीडासाहित्याचे दुकान चालवणाऱ्यांनाही येथे एक काम आहे. मोठ्या खेळाडूंचे पाहून मुले हाताला घट्ट बसणाऱ्या बाह्या मागतात आणि त्यांतील पांढरी बाही त्यांना सर्वांत ऐटदार वाटते. मुलगा पिचर आहे का, एवढे विचारून मग बाही दाखवली, तर एक विक्री कदाचित हुकेल. न विचारता विकली, तर शनिवारी सकाळी पंच ती उतरवायला लावतात आणि सोमवारी गिऱ्हाईक ती परत घेऊन दारात उभे राहते.

पोशाखाचा एक प्रश्न मात्र असा आहे की त्यावर पंच कधीच बोट ठेवत नाहीत, आणि जैन घराला तोच सर्वांत आधी पडतो. ग्लोव्ह कशाचा? तो परंपरेने गाईच्या चामड्याचा असतो. मोठ्यांच्या नियमपुस्तकात क्षेत्ररक्षकाच्या ग्लोव्हचा उल्लेख करताना चामडे हा शब्दच वापरला आहे. तरीही १६ जून २०११ रोजी न्यूयॉर्क यांकीज संघाचा पिचर ब्रायन गॉर्डन कृत्रिम धाग्यांच्या कापडाचा ग्लोव्ह घालून मैदानात उतरला. कूपर्सटाउनच्या स्कॉट कार्पेंटर या कारागिराने तो बनवला होता. सर्वोच्च श्रेणीच्या सामन्यात बिनचामड्याचा ग्लोव्ह वापरणारा गॉर्डन हा पहिलाच खेळाडू मानला जातो. कार्पेंटरचा भर हलकेपणावर आणि टिकाऊपणावर होता. पण त्यामुळे जैन घरातील मुलालाही एक वाट दिसली. लहान मुलांसाठी कृत्रिम चामड्याचे ग्लोव्ह आज बाजारात मिळतात आणि पंच त्यांचा रंग तेवढा पाहतात.

चेंडूचे काय, हे मात्र कोड्यासारखे उरते. व्यावसायिक बेसबॉलचा चेंडू १९७४ पर्यंत घोड्याच्या कातड्याने मढवला जाई, तेव्हापासून तो गाईच्या कातड्याने मढवतात. अगदी लहान मुलांच्या सरावासाठी कृत्रिम आवरणाचे चेंडू असतात. स्पर्धेच्या सामन्यात मात्र चामडी चेंडू हाती घ्यावाच लागतो. काही घरे येथे थांबतात आणि मुलाला पोहण्याकडे किंवा टेनिसकडे वळवतात. काही घरे ग्लोव्हपुरता आपला नियम पाळतात आणि चेंडू संघाचा आहे, आपण विकत घेतलेला नाही, असे म्हणतात. ही पळवाट आहे, हे त्यांनाही कळते. कृत, कारित आणि अनुमोदित यांतील तिसरा शब्द पाठशाळेत शिकलेली मुले कधीकधी स्वतःच तो आई-वडिलांपुढे ठेवतात, आणि त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बराच वेळ चर्चा चालते.

न्यू जर्सीत ऑगस्टमध्ये सूर्य पावणेआठ-आठच्या सुमारास मावळतो. सामना लांबला तर चौविहार पाळणाऱ्यांची घाई होते. म्हणून आजीने डबा गाडीतच आणलेला असतो. खेळ संपल्यावर मुलगा मातीने माखलेले हात धुतो, गाडीच्या मागच्या दाराशी उभ्याउभ्याच दोन ठेपले खातो आणि मनगट बहिणीपुढे धरतो. आईने रुमालात गुंडाळून ठेवलेला धागा ती पुन्हा बांधते. गाठ या वेळी सोडायला सोपी अशी दे, असे तो तिला सांगतो, कारण शनिवारी पुन्हा सामना आहे.